बुबुळाला सारखी सूज येते आणि डॉक्टर म्हणाले बुबुळ बदलू, तर आधी काय करायचं आणि नंतर काय

डोळा लाल झाला, ड्रॉप घातले, बरा झाला, चार-सहा महिन्यांनी परत लाल, परत तेच ड्रॉप, असं तीन-चार वेळा झालं की एक दिवस आरशात बघताना बुबुळावर पांढरट डाग दिसतो, आपल्याकडं त्याला फूल पडलं म्हणतात. मग कुणीतरी डॉक्टर सांगतात की आता बुबुळ बदलावं लागेल आणि घरात गोंधळ सुरू होतो. एक म्हणतो पुण्यालाच जायचं, दुसरा म्हणतो मिरज काय कमी आहे का, आणि एखादी आज्जी हळूच विचारते की दुसऱ्याचा डोळा बसवला की त्याचं काय काय दिसतं म्हणे, खरं का ओ ते. (काही दिसत नाही आज्जी, आणि अख्खा डोळा बसवतच नाहीत, फक्त समोरची काचेसारखी चकती बदलतात.)

मी मिरजेत डोळ्याच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, प्रेशर बघणं, ड्रॉप कसे घालायचे ते शिकवणं ही माझी कामं, ऑपरेशन माझं काम नाही. पण पेशंट सर्जनसमोर पाच मिनिटं बसतो आणि आमच्यासमोर तासभर, त्यामुळं कुठं घोळ होतो ते आम्हाला बरोबर दिसतंय. औषधाचे डोस यातून उचलायचे नाहीत, ते तुमचे डॉक्टर ठरवणार, बाकी सगळं इथं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑपरेशन तासा-दीड तासाचं असतंय आणि ते सर्जन करतो. त्याच्या आधीचे सहा महिने आणि नंतरची दोन-तीन वर्षं तुम्ही करायची असतात, आणि नवं बुबुळ टिकणार का पांढरं पडणार हे बरंचसं तिथंच ठरतंय.

आजाराचं नाव लिहून घ्या

फाईलवर नुसतं केरायटिस लिहिलंय म्हणजे बुबुळाला सूज आहे एवढंच कळतं, ती कशामुळं हे त्यात नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, साहेब कारण कुठलं? कारणावर ऑपरेशन बदलतं, औषध बदलतं, कधी कधी ऑपरेशनची गरजच राहत नाही.

सारखी सारखी उलटणारी जी सूज असते तिच्यात सगळ्यात जास्त गाठ पडते ती हर्पिसशी. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात बघा, तोच हा व्हायरस, हर्पिस सिम्प्लेक्स. लहानपणी कधीतरी अंगात शिरतो आणि चेहऱ्याच्या नसेची जी गाठ असते, ट्रायजेमिनल म्हणतात तिला, तिथं आयुष्यभर मुक्काम ठोकतो. ताप आला, उन्हातान्हात जास्त झालं, जागरण झालं, डोक्याला ताण झाला की नसेतून उतरून बुबुळावर येतो. म्हणून कितीही वेळा बरा झाला तरी मुळासकट जात नाही, आणि बुबुळ बदललं तरी व्हायरस नसेत आहे तिथंच राहतो. हे नीट डोक्यात बसवा, पुढचं सगळं यावरच आहे.

तो ओळखतात कसा ते एकदा बघण्यासारखं असतं. नारिंगी कागदाची पट्टी ओली करून डोळ्याच्या कडेला टेकवायची, मशीनचा निळा लाईट मारायचा, आणि बुबुळावर एक हिरवी चमकणारी बारीक रेघ दिसते, तिला फांद्या फुटलेल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक गाठ. ती दिसली की निदान जवळजवळ झालंच. दुसरी टेस्ट कापसाची. कापूस पिळून त्याचा एक तंतू ओढायचा आणि बाजूनं आणून बुबुळाला टेकवायचा. तुम्ही-आम्ही असलो तर खुर्चीतून उडू. हर्पिसच्या जुन्या पेशंटला काही कळतच नाही, डोळा उघडा ठेवून विचारतो, लावला का ओ? बुबुळाची नस मेलेली असते. हे ऐकायला बरं वाटतं की दुखत नाही, पण ऑपरेशनच्या दृष्टीनं वाईट बातमी, कारण संवेदना नसलेल्या बुबुळावरची जखम लवकर भरत नाही, आणि नव्या बुबुळालाही तोच त्रास होतो.

हर्पिस सोडून बाकीची कारणं थोडक्यात. संधिवात असेल तर बुबुळाच्या कडेला घळ पडत जाते, तिथं डोळ्याच्या डॉक्टरइतकाच संधिवाताचा डॉक्टर महत्त्वाचा, आतला आजार ताब्यात आल्याशिवाय नवं बुबुळ पण विरघळतं. पापण्यांच्या कडेला कोंडा साठून, तेलाच्या ग्रंथी तुंबून सूज येणारे पण बरेच असतात, त्यांना गरम शेक आणि पापण्या साफ ठेवणं यानंच निम्मं काम होतं. आणि फंगस. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड साईडचे पेशंट लाइनीनं येतात, उसाचं पातं डोळ्याला लागलेलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा-करडा ठिपका, कडा पिंजल्यासारख्या. हे उलटणारं दुखणं नाही, सरळ इमर्जन्सी आहे, त्याची गत वेगळी आणि ऑपरेशन पण वेगळं, पुढं सांगतो.

मेडिकलमधून ड्रॉप आणायचं बंद

हे वेगळं लिहायला पाहिजे एवढं महत्त्वाचं आहे. डोळा लाल झाला की मेडिकलमध्ये जाऊन, अहो मागच्या वेळेचा तो ड्रॉप द्या, पटकन बरा वाटतो. पटकन बरा वाटतो कारण त्यात स्टिरॉइड असतंय. लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि हर्पिसची ती फांदीवाली जखम आत पसरत पसरत नकाशासारखी होते. फंगस असेल तर विचारायलाच नको, त्याला आयतं जेवणच. बॉक्सवर बारीक अक्षरात प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यातलं काही लिहिलंय का बघा. अँटिबायोटिकच्या ड्रॉपच्या नावापुढं डी किंवा पी असं एखादं अक्षर जोडलेलं असलं तर बऱ्याचदा त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतंय.

आता गंमत अशी की हर्पिसची सूज बुबुळाच्या आतल्या थरात गेली की डॉक्टर स्वतःच स्टिरॉइड देतात, आणि ते बरोबरच असतं, पण सोबत व्हायरसची गोळी असते आणि ड्रॉप हळूहळू उतरवत नेतात. वरच्या थरावर जखम असताना तोच ड्रॉप विष. कुठल्या वेळी काय हे मशीनवर बघितल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, मेडिकलवाल्याला कुठून येणार.

मध, हळदीचं पाणी, अंगावरचं दूध, आणि जिभेनं कुसळ काढणारी बाई, हे सगळं पण बंद. कुणाच्या श्रद्धेला बोलत नाही, पण जिभेवर जंतू असतात आणि ते बुबुळाच्या जखमेत जातात, विषय संपला.

ऑपरेशनच्या आधीचे महिने

फूल पडलंय आणि नजर गेलीय म्हणून करायचं ऑपरेशन असेल तर घाई नसते. उलट हर्पिसमध्ये डोळा किमान सहा महिने शांत पाहिजे, म्हणजे लाली नाही, सूज नाही, नवी जखम नाही, असं बहुतेक सर्जन बघतात. पेटलेल्या डोळ्यात नवं बुबुळ बसवलं की शरीर त्याला परकं समजून हाकलायची शक्यता वाढते. पेशंटला वाटतं डॉक्टर तारखा पुढं ढकलतायत. तसं नसतंय.

या काळात व्हायरसची गोळी चालू असते. असायक्लोव्हिर म्हणजे हीच गोळी, तिच्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता, १९९८ साली छापून आला, ७०३ पेशंट होते. वर्षभर रोज दोन वेळा ४०० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के लोकांचा आजार वर्षात उलटला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांचा. म्हणजे गोळीनं आजार शून्य होत नाही पण बराच आवरतो, आणि हा फायदा गोळी चालू असेपर्यंतच, बंद केली की कवच गेलं. आमच्याकडं लोक तिसऱ्या महिन्यात गोळी बंद करतात, का तर डोळा पांढराशुभ्र झालाय, आता कशाला. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा, रक्तातलं क्रिएटिनिन तपासून, म्हणजे किडनी कशी चालतेय ते बघून डोस ठरवतात.

दुसरं म्हणजे वही घाला. प्रत्येक वेळी डोळा लाल झाला की तारीख, कुठला ड्रॉप किती दिवस घातला, आणि मोबाईलवर उजेडात काढलेला एक फोटो. जुने ड्रॉप संपले तरी बॉक्स फेकू नका. आमच्याकडं पेशंट येतो आणि म्हणतो एक पांढरा ड्रॉप होता अन् एक निळ्या झाकणाचा. निळ्या झाकणाचे ड्रॉप बाजारात शेकड्यानं आहेत हो.

आणि एक प्रश्न विचाराच. कॉन्टॅक्ट लेन्सनं भागेल का? डाग फिकट असेल पण बुबुळ वेडंवाकडं झाल्यामुळं दिसत नसेल तर कडक लेन्स घालून बघतात, ती वरची उंचसखल जागा झाकते. काही जणांना त्यावर इतकं स्वच्छ दिसतं की ऑपरेशनचा विषयच मागं पडतो. अर्थात शेतात धुळीत काम करणाऱ्याला रोज लेन्स घालणं जमतंय का हा प्रश्न आहेच, आणि संवेदना गेलेल्या डोळ्यात लेन्स धोक्याची.

बाकी तपासण्यांमध्ये डोळ्याचं प्रेशर, पाणी पुरेसं येतंय का, पापण्या नीट मिटतात का, आणि फुलामुळं आतलं दिसत नसेल तर पडद्याची सोनोग्राफी. शेवटची कधी टाळू नका. पडदाच खराब असेल तर नवीन बुबुळ घालून खिडकी स्वच्छ झाली एवढंच, आत अंधार तो अंधारच.

ऑपरेशन कुठलं होणार

दोन वाटा आहेत. एक डोळा वाचवायची आणि दुसरी नजर आणायची. लोक दोन्हीत गल्लत करतात आणि मग नाराज होतात.

डोळा वाचवायची वाट म्हणजे बुबुळ पातळ होत चाललंय, भोक पडलंय किंवा पडायला आलंय, फंगस औषधाला दाद देत नाही. भोक बारीक असेल, साधारण दोन मिलिमीटरपर्यंत, तर खास गोंद लावून वर पातळ लेन्स ठेवतात. जखम भरत नसेल तर बाळंतपणात मिळणाऱ्या वारेच्या आतला पातळ पडदा बुबुळावर शिवतात, अम्निऑटिक मेम्ब्रेन म्हणतात त्याला. डोळ्याचाच पांढरा पडदा ओढून बुबुळावर घ्यायची जुनी पद्धत आहे, नजरेला उपयोग नाही पण डोळा शांत होतो. संवेदना गेलेल्या डोळ्यात पापण्या कडेला थोड्या शिवून ठेवतात, दिसायला कसंतरी वाटतं, बायकामंडळी फार नाराज होतात, पण त्यानं जखमा भरतात हे मी डोळ्यानं बघितलंय आणि नंतर टाका सोडवता येतो. आणि फंगस फारच पसरला तर पेटलेल्या डोळ्यातच बुबुळ बदलावं लागतं, सहा महिने थांबायचा प्रश्न नाही. त्यात पहिला हेतू फंगस काढून टाकणं हा असतो, दिसणं नंतर बघू. फंगसनंतर लगेच स्टिरॉइड देत नाहीत, त्यामुळं ते बुबुळ पांढरं पडण्याची शक्यताही जास्त. हे आधीच नातेवाइकांना कळलेलं बरं.

नजर आणायच्या वाटेत दोन मुख्य प्रकार. बुबुळ मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड, त्यात थर आहेत. सगळे थर काढून दात्याची पूर्ण जाडीची साडेसात-आठ मिलिमीटरची गोल चकती बसवली की ते पीके. आतला सगळ्यात शेवटचा थर चांगला असेल तर तो तुमचाच ठेवून वरचे थर बदलतात, त्याला डाल्क म्हणतात. हर्पिसच्या डागात, आतला थर धड असेल तर डाल्क बरं पडतं, कारण शरीर सगळ्यात जोरात हल्ला करतं तो त्या आतल्या थरावर, आणि तो तुमचाच असला तर त्या हल्ल्याचं कारणच उरत नाही. पण डाल्कला हात लागतो, वेळ लागतो, आणि मध्येच आतला थर फाटला तर टेबलावरच पीके करावं लागतं. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेलं असतं, ते वाचून घाबरू नका.

बुबुळात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतील तर धोका वाढतो. निरोगी बुबुळात रक्तवाहिनी नसतेच, म्हणून तर दुसऱ्याचं बुबुळ रक्तगट न जुळवता चालतं. पहिलं यशस्वी रोपण एदुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी १९०५ साली केलं, आत्ताच्या चेकियातल्या ओलोमोउत्स गावी, आणि तो पेशंट चुन्यानं डोळे भाजलेला मजूर होता. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या हातात फुटून डोळ्यात उडते ती केस आपल्याकडं अजून येते, म्हणून आठवलं.

नंबर लागणं, फोन, पैसे

कॉर्निया, म्हणजे आपण ज्याला बुबुळ म्हणतोय तेच, दुकानात मिळत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान झालं तरच तो वापरता येतो, मग तपासणी, मग वाटप. साध्या द्रावणात तो चार दिवस टिकतो, महागड्या द्रावणात चौदा दिवसांपर्यंत. म्हणून फोन कधीही येतो आणि आला की लगेच निघायचं असतंय. फाईलवर दोन नंबर द्या, त्यातला एक अशा माणसाचा ज्याचा फोन कायम चार्ज असतो. जतवरनं किंवा पाटणच्या वरच्या अंगाला असाल तर रात्रीची गाडी कुणाची मिळेल हे आधीच ठरवून ठेवा. पेशंटचा फोन रेंजमध्ये नाही म्हणून कॉर्निया पुढच्या माणसाला गेला हे घडतंय.

मिरजेत वॉन्लेस मिशनचं हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळं आसपासच्या जिल्ह्यातले लोक दवाखान्याला मिरजेला यायची सवयच लागलीय, पण डोळ्याचा प्रत्येक दवाखाना बुबुळ रोपण करत नाही. त्यासाठी सरकारी नोंदणी लागते. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: रोपणाची नोंदणी आहे का, कॉर्नियाचे डॉक्टर रोज असतात का ठरावीक वारी पुण्या-मुंबईहून येतात, आणि ऑपरेशननंतर रात्री-अपरात्री डोळा लाल झाला तर बघणार कोण. तिसऱ्याचं उत्तर ज्यांच्याकडं नीट मिळेल तिकडं जा, बिल्डिंग बघून जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर कॉर्निया विकत घेणं-देणं कायद्यानं गुन्हा आहे, आयबँक, म्हणजे दान झालेले डोळे साठवणारी संस्था, साठवणीचा आणि तपासणीचा खर्च घेते, तो वेगळा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि नंबर लागायच्या आधीच विचारा, कारण मंजुरीची कागदं करायला वेळ लागतो आणि कॉर्निया वेळ देत नाही. रेशनकार्ड, आधार, झेरॉक्सचा एक सेट कायम पिशवीत. नंतरच्या ड्रॉपचा खर्च मात्र वर्षानुवर्षं स्वतःचा, तो आधीच धरा. मी असे पेशंट बघितलेत ज्यांनी ऑपरेशनला कर्ज काढलं आणि सहाव्या महिन्यात ड्रॉपला पैसे नाहीत म्हणून बंद केले.

ऑपरेशनच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. भूल बहुतेक वेळा इंजेक्शनची, कधी पूर्ण. शुगर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी हे सगळं आदल्या दिवशीच सांगायचं. खोकला असेल तर तोही सांगायचा, लपवायचा नाही.

घरी आल्यावर

चकती सोळाएक टाक्यांनी शिवलेली असते, दोरा नायलॉनचा, केसापेक्षा बारीक, साध्या डोळ्याला दिसत नाही. डोळ्यावर दाब जाईल असं काही नको: ऊसाची मोळी नाही, पाण्याची घागर नाही, संडासला जोर नाही, बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्या. झोपताना प्लास्टिकची जाळी लावायची, माणूस झोपेत डोळा चोळतो. डोकं धुताना पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, मागं मान करून दुसऱ्याकडनं धुऊन घ्या. नदी, विहीर, कॅनॉल डॉक्टर सांगेपर्यंत बंद. चुलीपुढं बसणं बंद. पालीच्या खंडोबाची यात्रा आली तर लांबूनच नमस्कार करा, तिथं हवेत भंडाराच भंडारा असतो, आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या गुलालाचं पण तेच.

ड्रॉप घालताना हात धुवा, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब, बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही, मग दोन मिनिटं डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरा. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं अंतर, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. दुधासारखा पांढरा स्टिरॉइडचा ड्रॉप असेल तर तो हलवल्याशिवाय घालायचा नाही. औषध बुडाशी बसलेलं असतंय, न हलवता घातलं तर महिनाभर तुम्ही वरचं पाणीच घालता आणि शेवटच्या आठवड्यात घट्ट औषध. हे लोकांना सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्या बाटल्यांना मी रंगीत टेप लावतो आणि घड्याळाचं चित्र काढून देतो, घरी तुम्हीही करा. दहावीतली नात असेल तर तिच्यावर काम सोपवा, ती मुलापेक्षा वक्तशीर असते.

स्टिरॉइडचा ड्रॉप बहुधा वर्षभर किंवा त्याहून जास्त, कमी कमी करत. हर्पिस असेल तर गोळी पण किमान वर्षभर, अनेकांना त्याहून बरीच जास्त. स्टिरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो, म्हणून दर भेटीला प्रेशर बघून घ्यायचंच, दिसतंय छान म्हणून टाळायचं नाही. प्रेशर वाढलेलं पेशंटला कळत नाही, डोळ्यामागची नजरेची नस मात्र मरत राहते.

परत लाल झाला तर

सगळ्यात जपायची जागा ही. रोपण केलेला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, दुखायला लागलं, तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे शरीर नवं बुबुळ नाकारतंय, तिथं स्टिरॉइड तासातासाला वाढवावं लागतं. दुसरी म्हणजे हर्पिस परत आलाय, आणि वरच्या थरावर जखम असेल तर स्टिरॉइड कमी करून व्हायरसचं औषध वाढवावं लागतं. बाहेरनं दोन्ही डोळे सारखेच लाल. औषध एकमेकांच्या उलटं. म्हणून घरी कुठलाच ड्रॉप स्वतःच्या मनानं वाढवायचा नाही आणि बंदही करायचा नाही, त्याच दिवशी मशीनखाली डोळा दाखवायचा. सोमवारी बघू, लग्न उरकू दे, हप्ता भरू दे, असलं काही नाही. वेळेत धरलं तर नाकारलेलं बुबुळ औषधानं परत स्वच्छ होतं, आठवडा गेला तर आतला थर मरतो आणि तो थर परत उगवत नाही. पहिल्या वर्षात धोका जास्त, पण पाच-सात वर्षांनीही हे होऊ शकतं. त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं झालं तर रोपण झालंय हे सांगितल्याशिवाय टेबलावर चढायचं नाही.

तिसरी एक गोष्ट असते, सैल टाका. डोळ्यात कचरा गेल्यासारखं एकाच जागी टोचतंय, पाणी येतंय, पण कचरा दिसत नाही. टाक्याचं टोक वर आलेलं असतं, त्याला चिकट पाणी धरतं, तिथनं जंतू आत जातात. तो काढायला दोन मिनिटं लागतात आणि काढला नाही तर अख्खं रोपण जाऊ शकतं.

बाकीचे टाके तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मशीनवर नकाशा काढून निवडून काढतात, सगळे निघायला वर्ष-दीड वर्ष. तोपर्यंत नंबर दर भेटीला वेगळा येतो, त्यामुळं महिन्याभरात महागडा चष्मा करू नका, मी स्वतः चष्म्याच्या धंद्याच्या इतक्या जवळ असून सांगतोय. नजर खरी ठरते ती टाके निघाल्यावर.

आणि टाके निघाले तरी ती कड कधीच मूळच्या बुबुळाइतकी मजबूत होत नाही. धार काढताना म्हशीच्या शेपटीचा एक फटका, मांडीवरच्या नातवाचा हात, खुरपताना परत उसाचं पातं, यातल्या कशानंही जोड उघडू शकते. साधा प्लॅस्टिकच्या काचेचा चष्मा, नंबर असो नसो, गोठ्यात आणि रानात कायम. पलूसच्या एका मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, म्हशीला आधी सवय लावावी लागंल चष्म्याची. लावली त्यांनी.

रोपण एकदा पांढरं पडलं तर दुसरं करता येतं, पण दर वेळी टिकायची शक्यता कमी होत जाते. दोन-तीन वेळा गेलं तर कृत्रिम बुबुळाचा विचार करतात, मदुराईच्या ऑरोलॅबचं भारतीय बनावटीचं मिळतं, पण त्याची देखभाल आयुष्यभराची आणि कडक, एकच डोळा शिल्लक असलेल्यांसाठी ती शेवटची पायरी.

दर महिन्याला पुण्याला किंवा मिरजेला जाणं जमत नसेल तर सर्जनकडनं तुमच्या तालुक्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या नावानं एक चिठ्ठी मागून घ्या. ती मागायला लाजायचं काही कारण नाही, चांगले सर्जन आनंदानं देतात. चिठ्ठीत रोपणाची तारीख आणि प्रकार, मूळ आजार हर्पिस का दुसरा, किती टाके शिल्लक आहेत, शेवटचं प्रेशर किती होतं, कुठला ड्रॉप किती वेळा चालू आहे आणि लाली आली तर कुणाच्या मोबाईलवर फोटो पाठवायचा एवढं असू दे. तिचे दोन लॅमिनेशन करा, एक रेशनकार्डाजवळ ठेवा आणि एक ड्रॉपच्या डब्यात.